प्रकाशाचा एकेरी रस्ता



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलाविले म्हणजे तो बोनस, करार आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे सर्वजण धरून चालतात. मी माझा विषय कळविला तेव्हा चालकांचा पुन्हा फोन आला. "भाऊ, लिहिण्यात काही गफलत तर झाली नाही ना?" गफलत झालेली नाही. चुंबकीय पदार्थांच्या पातळ पटलांतून प्रकाश कसा जातो आणि त्याचा आपल्याला उपयोग काय, याविषयी मी आज बोलणार आहे. हा विषय मी हौसेने निवडलेला नाही; तो माझ्या गळ्यात कसा पडला हे आधी सांगतो.

मी शास्त्रज्ञ नव्हे. माझे शिक्षण दहावीपर्यंत, आणि तेही दोन खेपांत. १९८८ साली माणदेशातून भोसरीत आलो आणि लेथवर उभा राहिलो. पुढे युनियनचे काम अंगावर पडले. कायद्याची पुस्तके वाचावी लागली म्हणून वाचली, आणि वाचनाची चटक लागली ती लागलीच. तेव्हा माझ्या बोलण्यात शास्त्राच्या दृष्टीने काही कच्चेपणा आढळला तर तो जाणत्यांनी मला सभेनंतर दाखवावा. मला राग येणार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चाकणच्या बाजूच्या एका वर्कशॉपमध्ये तयार मालावर क्रमांक कोरण्याचे लेसरचे यंत्र होते. आपल्या पट्ट्यात अशी यंत्रे आता गल्लोगल्ली आहेत. एके दिवशी पितळी बुशवर क्रमांक घालताना त्या यंत्राचा लेसर जळाला. यंत्रावर विशीतला एक कंत्राटी मुलगा होता. नुकसान लाखांच्या घरातले. मालकांनी दुरुस्ती करणाऱ्या इंजिनिअरचा अहवाल माझ्यापुढे टाकला. अहवाल इंग्रजीत, चार ओळींचा. त्यात एक वाक्य असे होते, की आयसोलेटर जागेवर नाही.

आता आयसोलेटर म्हणजे काय हे कारखान्यातल्या कोणालाही विचारा. पॅनेलवरचा विजेचा मोठा खटका, असे तो सांगेल. मीही तेच समजलो. मुलाला विचारले, "आयसोलेटर नीट टाकला नव्हतास का रे?" मुलगा घाबरलेला. म्हणाला, "नसेल टाकला, भाऊ." मग मी तडजोड केली. नुकसानभरपाई कापायची नाही आणि मुलाने हिशेब घेऊन जायचे. तडजोड चांगली झाली असे मला त्या दिवशी वाटले. मुलगा गेला.

तो आयसोलेटर विजेचा नव्हता, प्रकाशाचा होता. मुलाला निर्दोष ठरविणारा कागद माझ्या हातात होता, आणि मी तो चुकीचा वाचला. हे मला कळले त्यानंतर तीन वर्षांनी. म्हणून हा प्रकाशाचा आयसोलेटर म्हणजे काय, हे तुम्हांला समजावून सांगणे मी माझे देणे समजतो.

याची सुरुवात करावी लागते ती मायकेल फॅरडेपासून. १७९१ साली एका लोहाराच्या घरी हा मनुष्य जन्मला. चौदाव्या वर्षी तो एका बुकबाइंडरकडे उमेदवार म्हणून लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचू लागला. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने व्याख्यानांची टिपणे काढली, ती स्वतः बांधली आणि डेव्हींना पाठवून दिली. पुढच्या वर्षी तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक झाला. व्याख्यान ऐकायला आलेला एक बाइंडर जगातला थोर शास्त्रज्ञ झाला, श्रोतेहो! न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तिचेच वारे पुढे गावोगावी पोहोचले. अशा मालांतून काय निघू शकते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

या फॅरडेने १८४५ च्या सप्टेंबरच्या १३ तारखेला एक प्रयोग केला. शिसे घातलेल्या जड काचेचा एक तुकडा त्याने जोरदार विद्युतचुंबकाजवळ ठेवला आणि त्यातून ध्रुवित प्रकाश सोडला. चुंबक चालू करताच त्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळली. प्रकाश आणि चुंबकत्व यांचा परस्परांशी संबंध आहे, हे त्या दिवशी प्रथम दिसले.

ध्रुवित प्रकाश म्हणजे काय? एक लांब दोरी घ्या, तिचे एक टोक खांबाला बांधा आणि दुसरे हातात धरून हलवा. वरखाली हलविली तर लाट उभी जाते, आडवी हलविली तर आडवी. आता मध्ये उभ्या गजांची खिडकी ठेवा. उभी लाट गजांतून निघून जाईल. आडवी लाट गजांवर आपटून थांबेल. साधा प्रकाश सर्व दिशांनी थरथरत असतो. विशिष्ट काचेतून तो गाळून घेतला की एकाच दिशेची थरथर उरते. तोच ध्रुवित प्रकाश. माझ्या हातात अशा दोन काचा आहेत. त्या एकासारख्या एक धरल्या तर पलीकडचा दिवा दिसतो. आता यातली एक काटकोनात फिरवितो. पाहा, दिवा नाहीसा झाला. दोन्ही काचा स्वच्छ आहेत. फक्त गज आडवे झाले.

प्रकाशाची ही दिशा वळविणारे पदार्थ आपल्या ओळखीचे आहेत. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसातली साखर कशी मोजतात? रसातून ध्रुवित प्रकाश सोडतात आणि तो किती वळला हे पाहतात. त्यालाच तेथे 'पोल' म्हणतात. आपल्यातल्या ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांच्या पैशाचा हिशेब या वळण्याशी जोडलेला आहे. परंतु साखरेचे वळविणे आणि चुंबकाचे वळविणे यांत एक मोठा फरक आहे, आणि आजच्या विषयाचे सारे मर्म त्या फरकात आहे.

साखरेतून प्रकाश समजा ४५ अंश वळून बाहेर पडला. समोर आरसा ठेवून तो त्याच वाटेने परत पाठविला, तर परतताना तो ४५ अंश उलटा वळतो आणि होता तसा होतो. हे बोल्टच्या आट्यासारखे आहे. आट्यावरून नट चढविताना जेवढा फिरला तेवढाच तो उतरविताना उलटा फिरतो. चुंबकाचे तसे नाही. चुंबक लेथच्या चकसारखा आहे. कॅरेज पुढे न्या वा मागे आणा, चक आपला एकाच बाजूला फिरत राहतो. प्रकाश जाताना ४५ अंश वळला, तर येताना त्याच बाजूला आणखी ४५ अंश वळतो. एकूण ९० अंश झाले. म्हणजे काटकोन झाला.

आता पहिल्या काचेजवळ या. प्रकाश उभ्या गजांतून निघाला होता. परत आला तेव्हा तो आडवा होऊन आला आहे. त्याला गज आडवे येतात. जायला वाट आहे, यायला नाही. यालाच प्रकाशाचा आयसोलेटर म्हणतात. मी त्याला एकेरी रस्ता म्हणतो. फरक एवढाच, की चाकणच्या चौकातला एकेरी रस्ता पोलीस उभा असेपर्यंतच एकेरी असतो. हा रस्ता निसर्गनियमाने एकेरी आहे.

हा रस्ता हवा कशाला? साध्या काचेच्या उघड्या तोंडावरून शेकडा सुमारे ४ भाग प्रकाश परत फिरतो. घरच्या खिडकीला त्याचे काही वाटत नाही. लेसरला मात्र फार वाटते. लेसरच्या पोटात परतलेला प्रकाश शिरला की त्याचा ताल बिघडतो. तेज कमीजास्त होते, रंग हलतो. बोलणाऱ्या माणसाला स्वतःचाच आवाज कर्ण्यातून परत ऐकू आला की तो अडखळतो, तसे. आणि लेसर जोरदार असेल, समोर चकचकीत पितळ किंवा तांबे असेल, तर परतलेला प्रकाश त्याला जाळूनही टाकतो.

आता पातळ पटलांकडे येतो. फॅरडेच्या काचेत प्रकाश फार थोडा वळे. जास्त वळविणारा आणि तरी पारदर्शक असा पदार्थ हवा होता. १९५६ साली फ्रान्समध्ये बेर्तो आणि फोरा या दोघांनी इट्रियम, लोह आणि प्राणवायू यांचा एक चुंबकीय स्फटिक जगापुढे आणला. इट्रियमचे ३ अणू, लोहाचे ५ आणि प्राणवायूचे १२, असा त्याचा हिशेब आहे. त्याची घडण गार्नेट नावाच्या खड्यासारखी असते. गार्नेट आपल्याला परका नाही. नवग्रहांच्या अंगठीतला गोमेद याच कुळातला. अंगठीतल्या गोमेदाने ग्रह वळतात की नाही हे मला सांगता येणार नाही; परंतु लोहाच्या गार्नेटने प्रकाश वळतो हे खात्रीने सांगतो.

हा स्फटिक डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाला बराचसा अडवितो, पण दूरसंचाराच्या तारांत वापरतात त्या अदृश्य, अवरक्त प्रकाशाला आरपार जाऊ देतो. त्या प्रकाशाला ४५ अंश वळवायला याचा सुमारे अडीच मिलिमीटर जाडीचा तुकडा पुरतो. इट्रियमच्या जागी बिस्मथ मिसळले, तर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडी पुरते. असे पटल वाढविण्याची रीत भट्टीवाल्यांना कळेल अशी आहे. शिशाचा ऑक्साइड, बिस्मथ आणि इतर घटक सुमारे ९०० अंश सेल्सियसच्या आसपास वितळवितात आणि त्या रसात दुसऱ्या एका गार्नेटची गुळगुळीत चकती बुडवून फिरवीत ठेवतात. तिच्या अंगावर नवा स्फटिक थर धरतो. युनियनवाला म्हणून मध्येच सांगतो, की शिशाची वाफ रक्ताला घातक असते. तेव्हा ही भट्टी जेथे असेल तेथे धूर ओढणारा पंखा आणि कामगारांच्या रक्ताची तपासणी, या दोन्ही गोष्टी स्फटिकाच्या शुद्धतेइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

पटल आणखी पातळ, म्हणजे काही थोड्या मायक्रॉनचे केले, तर निराळीच मौज होते. माणसाचा केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो. तेव्हा हे पटल केसाहून कितीतरी पातळ. पण प्रकाश त्यात आडवा, कडेकडेने शिरविता येतो, आणि तो बाहेर न पडता आतच धावतो. पटलाचा वक्रीभवनांक सुमारे २.२ आणि खालच्या चकतीचा १.९५ च्या आसपास. जास्तीच्या पदार्थातून कमीच्या पदार्थात तिरपा जाऊ पाहणारा प्रकाश सीमेवरूनच मागे फिरतो. विहिरीत बुडी मारून तिरपे वर पाहिले की पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो, तोच हा नियम. पटलाच्या वर हवा आणि खाली चकती. दोन्हीकडून प्रकाश आत ढकलला जातो. जणू पाटातून पाणी चालले आहे.

या पाटात प्रकाशाच्या दोन चाली असतात. एक पटलाला समांतर थरथरणारी, आडवी, दुसरी उभी. चुंबक आडवीची उभी आणि उभीची आडवी करू पाहतो. परंतु या दोन चालींचा वेग किंचित वेगळा असतो. जुवाला जोडलेल्या दोन बैलांची पावले जमली नाहीत तर गाडी जशी झटके खाते, तसे येथे होते. एका टप्प्यात झालेला बदल पुढच्या टप्प्यात पुसला जातो. १९७२ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत टिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. त्यांनी पटलावर नागमोडी तार बसविली. तीतून वीज सोडली की पटलाचे चुंबकत्व ठराविक अंतराने उलटसुलट होई, आणि पावले जुळत. तारेतली वीज कमीजास्त करून पटलातल्या प्रकाशाची चाल बदलता येई. म्हणजे प्रकाशाला खटका बसविता येई. पुढे लोकांनी सिलिकॉनच्या चकतीवर, जेथे आपले संगणक कोरले जातात तेथेच, गार्नेट चढविण्याचा ध्यास घेतला. सिलिकॉन आणि गार्नेट यांचे अणूंचे अंतर जुळत नाही, आणि तापल्यावर दोघे सारखे प्रसरणही पावत नाहीत. थराला तडे जातात. तरी २०११ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये लेई बी, कॅरोलिन रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनवरच असा एकेरी रस्ता करून दाखविला. ते काम अजून प्रयोगशाळेतून पुरते बाजारात उतरलेले नाही.

बाजारात आहेत ते छोटे, जाडसर पटलांचे आयसोलेटर, आणि त्यांच्यावाचून आपला दिवस जात नाही. टपरीवर चहा पिऊन तुम्ही मोबाईलवरून दहा रुपये देता. तो निरोप रस्त्याखालच्या काचेच्या तंतूतून प्रकाशरूपाने जातो. लांब पल्ल्याच्या त्या लेसरांपुढे तांदळाच्या दाण्याहून लहान असा गार्नेटचा तुकडा बसविलेला असतो. वाटेत थकलेल्या प्रकाशाला पुन्हा जोर देणारी यंत्रे असतात. तीही एकेरी रस्त्याशिवाय आपलाच प्रतिध्वनी वाढवीत बसतील. उच्च दाबाच्या वाहिनीतली वीज दुरून मोजायला फॅरडेचेच तत्त्व कामी येते. गाडीच्या चासिसवरचा क्रमांक कोणी घासून बदलला असेल, तर गार्नेटचे पटल त्यावर टेकवून धातूतला चुंबकीय फरक डोळ्यांना दाखविणारी उपकरणे तपास करणाऱ्यांजवळ असतात. गाड्या बनविणाऱ्या आपल्या गावाला हे ठाऊक असावे.

आणखी एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये संमती दिली. पुण्याची आयुका या कामात आहे. अमेरिकेतल्या लायगोच्या चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून लेसर धावतो, आणि परतणाऱ्या प्रकाशाने त्याचा ताल बिघडू नये म्हणून फॅरडेचा आयसोलेटर वापरतात. तेथे पातळ पटल नव्हे, टर्बियमच्या गार्नेटचा जाड स्फटिक असतो, तत्त्व तेच. तेथे पहिली लहर सापडली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी. फॅरडेच्या त्या प्रयोगाला आदल्याच दिवशी १७० वर्षे पुरी झाली होती.

इट्रियम, गॅडोलिनियम, टर्बियम ही नावे गेल्या वर्षापर्यंत आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकली असतील. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्यांत ही तिन्ही होती. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटारीतले चुंबक अडले आणि आपल्या पट्ट्यात पाळ्या कमी होण्याची भाषा ऐकू आली. कुठल्या तरी खाणीतली माती आणि चाकणच्या कामगाराचा पगार यांच्यामध्ये असा धागा आहे. पाषाणला सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांवर काम करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तेथून भोसरीला यायला तासाभराचा रस्ता. त्या प्रयोगशाळेतले ज्ञान आणि भोसरीच्या शेडमधला हात यांची गाठ पडावी, अशी माझी फार इच्छा आहे.

आता माझ्या हकीगतीकडे परत येतो. पहिल्या घटनेला तीन वर्षे झाल्यावर दुसऱ्या एका कारखान्यात तसेच यंत्र तशाच पितळी मालावर जळाले. या वेळी कामगार कायम होता. त्याला निलंबित करून निष्काळजीपणाचे आरोपपत्र दिले. अहवालात पुन्हा तोच शब्द, आयसोलेटर! या खेपेस कामगार मला ठामपणे म्हणाला, "भाऊ, खटका मी टाकला होता. वीज आल्याशिवाय यंत्र चाललंच कसं असतं?" एवढा साधा प्रश्न मला तीन वर्षांपूर्वी सुचला नव्हता. मी एका कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सरांकडे गेलो. त्यांनी अशाच दोन काचा घेऊन मला सारे समजावून दिले. नंतर चौकशीत मी एवढेच मागितले, की यंत्राचे मुंडके सर्वांसमक्ष उघडावे आणि दुरुस्तीची जुनी बिले दाखवावीत. दोन्ही झाले. आधीच्या दुरुस्तीत आयसोलेटर असलेले मुंडके काढून स्वस्तातले, आयसोलेटर नसलेले बसविले होते. कामगाराला त्याची काहीच कल्पना नव्हती. तो कामावर परत आला. निलंबनकाळाचा पगार मात्र अर्धाच मिळाला, हेही सांगितले पाहिजे.

त्या रात्री मी पहिल्या अहवालाची प्रत पेटीतून काढून पुन्हा वाचली. मुलाची खोली महाळुंग्याला होती. ती केव्हाच सुटली होती. पुष्कळ फोन केल्यावर त्याचा नंबर मिळाला. तो गावाकडे टेंपो चालवीत होता. मी त्याला सारे सांगितले आणि माफी मागितली. तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "म्हणजे भाऊ, माझी चूक नव्हती ना?" मी म्हटले, "नव्हती." तो म्हणाला, "मग एवढं माझ्या आईला फोनवर सांगाल का?" मी सांगितले. त्याहून जास्त काही करणे माझ्या हाती उरले नव्हते.

मंडळी, १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन आपल्या कामातल्या धोक्यांची माहिती मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला, आणि २०२० च्या संहितेतही तो राखला गेला. पण माहिती मागायची तर काय मागायचे हे ठाऊक असावे लागते. तेव्हा लेसरवर काम करणाऱ्या येथल्या प्रत्येकाला माझे तीन गोष्टींचे सांगणे आहे. आपल्या यंत्रात प्रकाशाचा आयसोलेटर आहे की नाही, आणि दुरुस्तीनंतर तो जागेवर राहिला की नाही, हे लेखी विचारा. दुसरे, या यंत्रांचा प्रकाश बहुधा एक मायक्रॉनच्या थोडा पुढचा असतो; तो दिसत नाही, आणि परावर्तित होऊन डोळ्यात शिरला तर थेट पडद्यावर एकवटतो. चष्म्यावर तेवढ्याच तरंगलांबीचा आकडा लिहिलेला आहे ना, हे पाहूनच तो घाला; उन्हाच्या काळ्या चष्म्याचा तेथे काही उपयोग नाही. तिसरे, इंग्रजी अहवालावर सही करण्यापूर्वी त्यातला प्रत्येक शब्द समजून घ्या, आणि तो तुमच्या युनियनच्या माणसाला समजला आहे की नाही, हेही विचारा. तो समजला म्हणतो एवढ्यावर जाऊ नका. मीही समजला असेच म्हणालो होतो.

या दोन काचा मी टेबलावर ठेवून जातो. मुलांनी पुढे येऊन त्या फिरवून पाहाव्यात.